जांभळाची होडी आणि रिकामी कळशी

एका राज्यात कालवा होता, पण होडी नव्हती.

कालवा कसा, तर बारा कोस लांब आणि सुतारानं दोरी मारून आखावा तसा सरळ. वरच्या अंगाला डोंगरातलं सरोवर, खालच्या अंगाला राजाचं शहर. पाणी निळं, खोल, गोड. त्यावर भात पिके, गुरं पीत, बायका धुणी धूत. पण त्या पाण्यावर नाव सोडली की नावेचा दगड व्हायचा. नाव तळाला जायची, आणि ज्यानं ती बांधली त्याचाही काठावर उभ्या उभ्या दगड व्हायचा.

बरं, तेवढ्यावर भागत नव्हतं. तो दगड दर वर्षाला हातभर गाळात रुते. माणूस आपला साडेतीन हातांचा. डोकं गाळाखाली गेलं की तो गेला, मग तो परत येत नसे.

राजाच्या आजोबांनी सागाची नाव बांधवली. दगड झाली. राजाच्या वडिलांनी शिसवी नाव बांधवली, तिला चांदीचे खिळे मारले. दगड झाली. आताचा राजा शूरध्वज, त्यानं चंदनाची बांधवली, रेशमाच्या दोरांनी आवळली. तीही दगड झाली. नाव बुडाली की राजे म्हणत, सामान हलकं पडलं, आणखी भारी आणा. असे अकरा सुतार गाळाखाली गेले. बारावा केरबा सुतार. चंदनाची नाव त्याच्या हातची. त्याला तीन वर्षं झाली होती. गाळाच्या वर उरला होता अर्धा हात, म्हणजे नुसतं मस्तक.

केरबाची बायको हौसा. ती रोज सकाळी भाकरी घेऊन काठावर येई, दगडाच्या तोंडापुढे ठेवी, गाळ पुसून काढी आणि म्हणे, "धनी, आजची ज्वारी जरा जाडी दळलीय, सांभाळून घ्या."

एके दिवशी पाहते तर केरबाच्या डोक्यावर खंड्या पक्षी बसलेला. निळा, लांब चोचीचा. आणि भाकरी खातोय.

"मेल्या, माझ्या धन्याची भाकरी खातोस?"

"दगडाला दात नाहीत," खंड्या म्हणाला. "मला चोच आहे. तीन वर्षं मीच खातो."

"मग तीन वर्षं खाल्लेल्या भाकरीला जागून काहीतरी बोल."

खंड्यानं चोच पुसली. म्हणाला, "ऐक. हा कालवा जादूगार मायाभद्रानं काढला आणि शापही त्याचाच. का दिला ते मला ठाऊक नाही. पण शापाचे शब्द माझ्या पणज्यानं ऐकले होते. पाण्याला जे परकं, ते या पाण्यात दगड. चंदन देवळातलं. शिसव दिवाणखान्यातली. चांदी पेटीतली. पाण्याची नि यांची ओळख कुठली?"

"आणि साग?"

"साग राजाच्या वखारीत वीस वर्षं सुकवलेला होता. तो पाणी विसरला होता."

"मग पाण्याच्या ओळखीचं सामान मिळेल कुठं?"

"ते ठाऊक असतं तर मीच होडी बांधली असती. मी मासे धरतो, हौसाबाई."

हौसानं पदर खोचला आणि तडक राजाच्या दरबारात गेली.

"महाराज, मी नाव बांधीन. ती सरोवराला जाईल. जादूगाराला भेटून मी माझा धनी सोडवून आणीन."

प्रधान हसला. "सुतारीण नाव बांधणार! कशाची, पोळपाटाची?"

"पोळपाट दिवसातून दोनदा पाण्यात धुतला जातो, प्रधानजी. आपण बसलात ते आसन जन्मात एकदा तरी भिजलंय का?"

राजा म्हणाला, "बाई, वखार उघडी आहे. हवं ते सामान घे."

"नको महाराज. वखारीत सगळं कोरडं आहे. माझं मी निवडीन आणि घरी बांधीन."

"आणि नाव दगड झाली तर?"

"तर धन्याच्या शेजारी जागा मोकळीच आहे."

राजानं मान हलवली. हौसा निघाली.

पहिलं हवं लाकूड. त्या राज्यातल्या रानाची राखण एक यक्षीण करी. तिचे केस पारंब्यांसारखे आणि डोळे हिरवे. चुकीचं झाड मागणाऱ्याला ती झाड करून टाकी. तिनं तीन ओंडके पुढे टाकले. एक सोनचाफ्याचा, त्याचा वास कोसभर जाई. एक देवदाराचा, उंच आणि बिनगाठीचा. आणि एक जांभळाचा, काळपट, गाठाळ, वेडावाकडा.

हौसानं तिन्हींवर बोटाचं पेर मारलं, कान लावला, नख मारून पाहिलं. म्हणाली, "जांभूळ द्या."

"का?"

"माझ्या सासूच्या सासूनं विहीर खणवली तेव्हा तळाशी जांभळाची फळी घातली. दर उन्हाळ्यात आम्ही विहीर उपसतो, फळी काढतो, घासतो, परत टाकतो. तीन पिढ्या झाल्या. अजून नख मारलं तर आत ताजी. पाण्यात नांदलेलं लाकूड ते हेच."

यक्षीण म्हणाली, "वाकडं आहे."

"नावेच्या कुशी काय सरळ असतात? वाकडंच बरं."

यक्षिणीनं टाळी वाजवली. जांभळाचे सात ओंडके उठले आणि गुरांसारखे हौसाच्या मागून चालू लागले. वाटेत खायला म्हणून यक्षिणीनं पाटीभर जांभळंही दिली. हौसानं ती खाल्ली, बिया जपून ठेवल्या. आणि पुढे चार दिवसांनी पाटी परत केली तेव्हा तिच्यात हरभऱ्याची कोवळी भाजी घालून दिली. यक्षिणीनं पाटीत पाहिलं, हौसाकडे पाहिलं. आणि त्या दिवशी रानात वारा नसताना झाडं डोलली.

दुसरा हवा दोर. खिळा लोखंडाचा, गंजणारा. हौसानं ठरवलं, होडी शिवायची. तळ्याकाठच्या बिळात एक पांढरा नाग राही, जगातले सगळे दोर त्याच्या ताब्यात. त्यानं सोन्याची तार दाखवली, रेशमाची दोरी दाखवली, आणि अंबाडीचा वाख दाखवला. हौसानं पुरतं पाहिलंही नाही, वाख उचलला.

"एवढी खात्री?" नाग फुत्कारला.

"अंबाडी कापली की महिनाभर डबक्यात दडपतात. कुजवतात, झोडपतात, मग वाख निघतो. जो पाण्यात कुजून निघालाय, त्याला पाणी आणखी काय कुजवणार?"

नाग म्हणाला, "शहाणी आहेस," आणि दुरडी भरून वाख दिला. दुरडी परत गेली ती लाह्या घेऊन. नागानं फणा हलवला, बस्स.

तिसरा हवा लेप, शिवणीतून पाणी आत न येऊ देणारा. डोंगरावर धुपासूर नावाचा राक्षस राही. ताडाएवढा उंच, अंगाला धुपाचा वास. त्याच्यापुढे तीन मडकी होती. एकात मधमाश्यांचं मेण, एकात राळ, एकात लाल लाख, सकाळच्या उन्हात लखलखणारी.

हौसा म्हणाली, "लाख."

"विचार केलास?"

"माझ्या बापानं लाखेनं रंगवलेले पाळणे सात गावांत झुलतायत. एकाचाही रंग उडाला नाही. लाखेचं मला कुणी शिकवू नये."

राक्षसानं लाखेचं मडकं दिलं.

मग हौसानं अंगणात होडी मांडली. लाकूड तासायला केरबाची वाकस, केरबाची पटाशी, केरबाचा सामता. बावीस वर्षं तिनं नवऱ्याचा हात चालताना पाहिला होता. आता तिचा चालू लागला. सामत्यानं भोकं पाडली, वाखाचा दोर वळला, फळीला फळी शिवली. लांबी बारा हात, रुंदी तीन. शेजारणी यायच्या, कमरेवर हात ठेवून बघायच्या. "हौसे, ही होडी की परात गं?" हौसा म्हणायची, "आत बसाल तेव्हा कळेल." शेवटी सांध्यांत तापलेली लाख भरली. होडी अशी दिसली की नवरीच्या हातातला चुडाच. हौसा तिच्याभोवती तीनदा फिरली आणि गाव बोलवायला गेली.

साऱ्या गावादेखत होडी पाण्यात ढकलली. जांभूळ जांभूळच राहिलं. वाख वाखच राहिला. पण लाखेचा झाला दगड आणि दगडाची वाळू. शिवणीतून भराभर वाळू गळली, पाणी आत उसळलं आणि होडी काठालाच बसली. हौसा तिला धरायला धावली, तिची डावी करंगळी त्या ओल्या वाळूला लागली आणि करंगळीचा दगड झाला. चूक एका लेपाचीच, म्हणून करंगळीवर भागलं.

खंड्या केरबाच्या डोक्यावर होता. म्हणाला, "पाळणे कोरड्या घरात झुलतात, हौसाबाई."

हौसानं केरबाकडे पाहिलं. गाळ त्याच्या ओठांवर चढला होता. नाक उरलं होतं, डोळे उरले होते.

तिनं होडी काठावर ओढली, खरवडून साफ केली. मग चुलीपाशी गेली. राक्षसाचं मडकं घासलं. घासून झाल्यावर क्षणभर थांबली. राग होता, लाज होती, वेळ नव्हता. पण रिकामं भांडं तिच्या हातून कधी गेलं नव्हतं. दोन भाकऱ्या आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मडक्यात घातला आणि डोंगर चढली.

"लाख चुकली," ती म्हणाली. "माझा तोरा नडला. हे तुमचं मडकं."

धुपासुरानं मडक्यात पाहिलं. "यात काहीतरी आहे."

"भाकरी आहे."

"का?"

"का म्हणजे? कुणाचं भांडं रिकामं परत देतात का?"

राक्षसानं भाकरी ठेच्यासकट तोंडात टाकली. त्याचे डोळे भरून आले. आता ते ठेच्यानं आले का कशानं, ते कुणी सांगावं? नाक पुसून तो म्हणाला, "शंभर वर्षं मी लोकांना मडकी देतो. भरलेलं मडकं आज पहिल्यांदा परत आलं. बाई, पुन्हा निवड. या वेळी कारण सांग."

हौसानं दुसऱ्या मडक्यात बोट घातलं. राळ चिकट, मधाच्या रंगाची, दिसायला काहीच नाही. ती सावकाश म्हणाली, "झाडाला कुऱ्हाड लागली की झाड आपल्या जखमेवर आपणच हे लावतं. मग पावसात उभं राहतं आणि पाण्याला आत येऊ देत नाही. मला राळ द्या. जवसाच्या तेलात कढवून भरीन."

"घे. आणि आणखी एक गोष्ट घेऊन जा. सरोवराकाठी बसलाय तो मायाभद्र माझा थोरला भाऊ. कालव्याला पहिलं पाणी सोडायचं होतं तेव्हा त्यानं आपली तांब्याची कळशी सरोवरात बुडवून, भरून राजाच्या आजोबांना दिली. त्यांनी ती कालव्यात ओतली, पाणी धावलं, पिकं आली. आणि राजांनी कळशी परत पाठवली."

"मग?"

"रिकामी."

हौसानं कपाळावर हात मारला. "अगं बाई! एवढ्यासाठी?"

"तुला एवढं वाटलं?" राक्षस म्हणाला.

हौसानं मघाशी भाकरी घालून आणलेल्या मडक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही. एवढं नाही." आणि डोंगर उतरली.

दोन दिवसांत सांधे भरले. होडी आता चुड्यासारखी दिसत नव्हती, काळी, तेलकट, म्हशीच्या पाठीसारखी दिसत होती. हौसा राजाकडे गेली.

"महाराज, नाव तयार आहे. आपण चला."

"मी?"

"कळशी आपल्या घराण्यानं रिकामी पाठवली. ती मी कशी भरू?" आणि तिनं सगळं सांगितलं.

प्रधान ओरडला, "महाराज, घरी बांधलेल्या होडीत?"

राजा उठला. म्हणाला, "आमच्या तीन पिढ्यांनी राजवाड्यातल्या नावा बांधल्या. त्या कुठं आहेत, प्रधानजी?"

होडी पाण्यात गेली. दगड झाली नाही. पाणी आत आलं नाही. काठावर गाव उभं होतं, त्यातून एक आवाज उठला, तो बारा कोसांवर गेला असेल. हौसानं मात्र मागे पाहिलं नाही, बांबू टेकवला आणि निघाली. प्रधानानं घाईघाईनं राजासाठी मखमली उशी आत टाकली होती. कोसभरात उशीचा दगड झाला आणि होडी कलली. राजानं दोन्ही हातांनी उशी उचलून पाण्यात टाकली आणि उघड्या फळीवर मांडी घालून बसला. हौसा मनात म्हणाली, हा शिकेल.

सरोवराकाठी मायाभद्र बसला होता. दाढी पाण्यात पोचलेली, खांद्यावर शेवाळ, मांडीवर तांब्याची कळशी.

"कोण?" त्यानं विचारलं.

"शूरध्वज राजा. कळशी भरायला आलो."

"भर."

राजानं बोटातली अंगठी काढून कळशीत टाकली. कळशीनं अंगठी बाहेर थुंकली. राजानं गळ्यातला मोत्यांचा कंठा टाकला. कळशीनं कंठाही थुंकला. राजानं मुकुटाला हात घातला, तेव्हा हौसानं त्याला थांबवलं.

"महाराज, शेजाऱ्याच्या भांड्यात कुणी सोनं घालतं का? घरात जे शिजलं असेल ते घालतात."

"मला शिजवता येत नाही."

"मला नाव बांधता येत नव्हती."

तिनं शिदोरीतले तांदूळ राजाच्या ओंजळीत घातले. राजानं तीन दगड मांडले. ओली काटकी पेटेना, फुंकर मारून मारून त्याचं तोंड काळं झालं, डोळ्यांत धूर गेला. हौसा बाजूला हाताची घडी घालून बसली, एक काडीही पुढे केली नाही. भात खालून करपला, वर कच्चा राहिला. राजानं तो आपल्या हातानं कळशीत घातला. कळशीनं तो थुंकला नाही.

मायाभद्रानं घास घेतला. "करपलाय."

"हो," राजा म्हणाला. "पण माझ्या हातचा आहे."

"तांदूळ कुठला?"

राजानं हौसाकडे पाहिलं. हौसा म्हणाली, "कालव्याकाठचा. तुमच्याच पाण्यावर पिकलेला."

म्हातारा खाता खाता थांबला. मग सगळा भात खाल्ला, करपलेली खरवडही खाल्ली, बोटं चाटली. म्हणाला, "हाच हवा होता. पहिल्या पिकाचा मूठभर. तुझ्या आजोबांना सुचलं नाही, आणि मला मागणं शोभलं नाही." तो उठला. शंभर वर्षांनी उठला, गुडघे फाटकासारखे करकरले. कळशी त्यानं सरोवरात बुडवली, भरली आणि कालव्याच्या तोंडाशी ओतली. शाप फिटला.

हौसानं करंगळी पुढे केली. "आणि हे?"

"ते सारं माझ्या शापाचं नाही," जादूगार म्हणाला. "अर्धं तुझ्या तोऱ्याचं आहे. राहू दे."

"राहू दे," हौसा म्हणाली.

परतीला होडी आपसूक वाहत आली. गावाच्या काठावर केरबा बसला होता, पापण्यांना गाळ, केसांत शेवाळ. खंड्या लांब बाभळीवर जाऊन बसला होता आणि दुसरीकडे बघत होता.

"हौसा," केरबा म्हणाला, "तीन वर्षं भाकरीचा वास येतोय. भाकरी कुठंय?"

"देते. आधी ही होडी बघा."

केरबा उठला. होडीभोवती फिरला, शिवणीवरून हात फिरवला, फळीला कान लावला, तळ चाचपला. "कोणत्या कारखान्यातली?"

"घरची."

"घरी कोणी बांधली?"

"मी."

केरबा पुन्हा एकदा फिरला. शेवटी म्हणाला, "एक टाका तिरका आहे."

"तो खुणेचा आहे," हौसा म्हणाली. "उद्या हजार होड्या होतील. माझी कुठली ते कळायला नको?"

केरबा हसला, आणि त्याच्या पापण्यांवरचा सुकलेला गाळ झडून पडला.

राजानं अर्धं राज्य देऊ केलं. हौसा म्हणाली, "मला राज्य नको, काठ हवा." जिथं अकरा सुतार गाळाखाली गेले होते तिथं तिनं यक्षिणीच्या जांभळांच्या अकरा बिया राजाच्या हातून लावून घेतल्या. आणि प्रत्येक झाडाला एकेका सुताराचं नाव दिलं. त्या झाडांच्या लाकडाच्या होड्या पुढे बारा कोस हिंडल्या. प्रत्येक होडी हौसा आधी पारखायची. त्या दगडी करंगळीनं फळीवर टक् टक् करायची आणि सांगायची, हे लाकूड पाण्याचं, हे लाकूड दिवाणखान्याचं. तिचं कधी चुकलं नाही. आणि दर वर्षी नवा भात आला की राजा आपल्या हातानं कळशी भरून सरोवराला पाठवी. भात शेवटपर्यंत करपतच राहिला, पण कळशी कधी रिकामी गेली नाही.

तर ही कहाणी मी तुमच्या पदरात घातली. भांडं आता तुमच्याकडे आहे, ते रिकामं परत करू नका.